सेना, दल आणि भाऊ : स्वयंसेवक-पथकांच्या परिभाषेविषयी काही विचार

लोकचळवळींच्या इतिहासात नेत्यांची चरित्रे लिहिली गेली, ठरावांचे आणि भाषणांचे संग्रह निघाले, घटनांच्या तारखा निश्चित झाल्या. परंतु चळवळीतील सामान्य स्वयंसेवक एकमेकांशी कोणत्या नात्याने बांधले गेले, दहा-पंधरा माणसांचा एक घटक कसा जमला, त्यातील कामाची वाटणी कोणी आणि कशी केली, हे प्रश्न बहुधा एका परिच्छेदात निकालात काढले जातात. आणि त्या परिच्छेदातले उत्तरही आधीच ठरलेले असते. अमुक सेना होती, तिची इतकी पथके होती, प्रत्येक पथकास एक नायक, नायकांवर प्रमुख आणि प्रमुखांवर सर्वाधिकारी. असा मनोरा उभा केला की संघटनेचे वर्णन पुरे झाले, असा समज रूढ आहे. हा मनोरा वस्तुस्थितीतून निघाला की केवळ शब्दांतून, हे सहसा विचारले जात नाही. प्रस्तुत विवेचनाचा विषय तोच आहे, आणि त्यासाठी सातारच्या प्रतिसरकारचे उदाहरण मुख्यतः समोर ठेवले आहे. कारण लष्करी परिभाषा आणि ग्रामीण व्यवहार यांची इतकी दाट सरमिसळ महाराष्ट्रातील दुसऱ्या कोणत्याही चळवळीत क्वचितच सापडेल.

पार्श्वभूमी परिचित असल्यामुळे ती थोडक्यात सांगणे पुरे. १९४२ च्या ऑगस्टमधील ठरावानंतर सातारा जिल्ह्यातील अनेक कार्यकर्ते भूमिगत झाले. १९४३ पासून १९४६ पर्यंत त्या वेळच्या सातारा जिल्ह्यातील, म्हणजे आजचा सातारा जिल्हा आणि सांगली जिल्ह्याचा बराच भाग मिळून होणाऱ्या मुलखातील, शेकडो गावांत प्रतिसरकारचा शब्द चालला. नाना पाटील, किसन वीर, नागनाथ नायकवडी, जी. डी. लाड, नाथाजी लाड ही त्यातील ठळक नावे. दरोडेखोरांचा बंदोबस्त, गावच्या तंट्यांचा निवाडा, सावकारीला आळा, दारूबंदी, थोडक्या खर्चात होणारे ‘गांधी-विवाह’ अशी नाना प्रकारची कामे त्याने अंगावर घेतली. ही कामे कुंडल, वाळवा अशा त्या त्या परिसरावरून ओळखले जाणारे गट करीत, आणि सशस्त्र कामासाठी कुंडल येथे ‘तुफान सेना’ उभी राहिली. कुंडल त्या वेळी औंध संस्थानात होते, आणि औंधात १९३९ पासून ग्रामपंचायतींवर आधारलेली राज्यघटना अमलात आली होती, ही गोष्ट येथे नोंदवून ठेवावी. पुढे तिचा उपयोग आहे.

तुफान सेनेच्या नायकांपैकी रामचंद्र श्रीपती लाड हे आयुष्यभर, म्हणजे २०२२ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, ‘कॅप्टन भाऊ’ या नावाने ओळखले गेले. हे नाव क्षणभर व्याकरणाच्या दृष्टीने पाहावे. मराठीत विशेषण आधी येते आणि विशेष्य नंतर. ‘कॅप्टन भाऊ’ या जोडीत विशेष्य ‘भाऊ’ आहे. कॅप्टन असलेला भाऊ, असा तिचा विग्रह होईल. भावासारखा कॅप्टन, असा होणार नाही. क्रियापदही ‘भाऊ’लाच मानते. ‘कॅप्टन भाऊ आले’ यातील आदरार्थी अनेकवचन लष्करी पदवीला दिलेली सलामी नाही; थोरल्या भावाला गावात जे अनेकवचन लावतात तेच ते आहे. शिवाय अशा जोडनावांचा मराठीतील एक धर्म असा की समोरासमोर हाक मारण्याची वेळ आली की पुढचे पद गळते आणि मागचे उरते. ‘क्रांतिवीर नागनाथअण्णा’ हे व्यासपीठावरचे नाव. ओसरीवर ते ‘अण्णा’. ‘जी. डी. बापू’ हे ‘बापू’. याच्या उलट ‘सेनापती बापट’ हे नाव पाहावे. मुळशीच्या सत्याग्रहापासून पांडुरंग महादेव बापट यांना चिकटलेली ही पदवी आडनावापुढे येते, तिच्यात नात्याचा शब्द नाही, आणि तिच्यामागे फौजही नव्हती. तेथे पदवी हा एका व्यक्तीचा गौरव आहे. सातारच्या नावांत मात्र पद आणि नाते एकत्र नांदतात, आणि त्यांतले वजनदार कोणते हे भाषेने स्वतःच ठरवून टाकले आहे.

आता घटकवाचक शब्दांकडे वळावे. मराठी चळवळींनी स्वतःच्या लहान-मोठ्या तुकड्यांना दिलेली नावे मोजकीच आहेत: सेना, दल, पथक, तुकडी, जथा, गट. यांतील ‘जथा’ पंजाबातून हिंदीच्या मार्गे आला आणि मराठीत पाहुण्यासारखाच राहिला. ‘सेना’ हा शब्द संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला. त्याचा अर्थ इतका व्यापक की त्यावरून आतल्या रचनेविषयी काहीच कळत नाही. १९३० च्या मुंबईत प्रभातफेऱ्या काढणाऱ्या आणि निरोप पोहोचविणाऱ्या मुलांची ‘वानरसेना’ होती आणि तेरा वर्षांनी कुंडलास तुफान सेना. दोहोंत साम्य केवळ उत्तरपदाचे. ‘पथक’ या शब्दाचा प्रवास अधिक बोधप्रद आहे. प्राचीन ताम्रपटांत पथक हा मुलखाचा एक प्रशासकीय विभाग होता. मराठेशाहीत तो स्वारांच्या तुकडीचा वाचक झाला. जमिनीवरून माणसांवर असे त्याचे स्थलांतर झाले, आणि विसाव्या शतकात राष्ट्र सेवा दलाच्या ‘कलापथका’त तो गाणी आणि वगनाट्ये घेऊन गावोगाव फिरू लागला. पूर्वीच्या पथकाला घोडे लागत, नव्या पथकाला ढोलकी. शब्द मात्र दोन्ही ठिकाणी तेवढ्याच ऐटीत मिरवतो.

‘दल’ हा शब्द ज्या धातूपासून येतो त्याचा अर्थ फुटणे, दुभंगणे असा आहे. पाकळीला दल म्हणतात ते त्यामुळे, आणि घरातले ‘दळणे’ही त्याच धातूचे अपत्य आहे. जुन्या मराठीत फौजेला ‘दळ’ असे म्हणत. त्या तद्भव रूपाऐवजी आधुनिक संघटनांनी ‘दल’ हे तत्सम रूप पसंत केले. १९२३ मध्ये काकिनाडा येथील काँग्रेस अधिवेशनाच्या वेळी ना. सु. हर्डीकर यांनी स्थापन केलेल्या हिंदुस्थानी सेवा दलापासून हे रूप स्वयंसेवकांच्या परिभाषेत घट्ट बसले. या दलाने स्वयंसेवकाला गणवेश दिला, रांग दिली आणि कवायत दिली. ‘कवायत’ हा शब्द तर भाषाभ्यासकाने थांबून पाहण्याजोगा आहे. मूळ अरबीत तो ‘कायदा’ या शब्दाचे अनेकवचन, आणि उर्दूत आजही ‘कवाइद’ म्हणजे व्याकरण. मैदानावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला व्याकरणच शिकविले जात होते असे म्हटले तर ती केवळ कोटी ठरू नये. कवायत म्हणजे देहांच्या रचनेचे नियम. आणि व्याकरणाप्रमाणेच तीही प्रत्यक्ष बोलण्याच्या वेळी, म्हणजे ऐन कामाच्या वेळी, अर्धीच पाळली जाते.

उरला ‘गट’. या शब्दाला शौर्याचा वास नाही. राजकारणात तर त्याला किंचित दुर्गंधच आहे. तरीही सातारा जिल्ह्यात भूमिगतांचा खरा कार्यघटक गट हाच होता, आणि तो फौजेच्या सोयीने आखलेला नव्हता. कोणत्या गावातून रात्री कोणत्या गावास पायी पोहोचता येते, कोणाच्या रानात झोपडी आहे, कोणत्या घरी मागचे दार आहे, यावर त्याची सीमा ठरत असे. म्हणजे पथक या शब्दाने शतकांपूर्वी सोडून दिलेला मुलखाचा अर्थ गटाने नकळत परत मिळविला. इतिहासकार जेव्हा गटाला सेनेची पायरी म्हणून मनोऱ्यात बसवतो, तेव्हा तो हीच गोष्ट झाकून टाकतो. सेना गटांची मिळून झालेली नव्हती. गटांनी आपल्या गरजेपुरती ती उभी केली होती, आणि गट तिच्याशिवायही न्यायनिवाडे करीत, लग्ने लावीत आणि दरोडेखोरांना वठणीवर आणीत.

एक शब्द या यादीत मुद्दामच घेतलेला नाही: ‘टोळी’. परकीय सत्तेच्या दृष्टीने हे सारे टोळीच होते, आणि म्हणूनच कोणतीही चळवळ स्वतःला टोळी म्हणवून घेत नाही. परंतु ऊसतोडीला निघणारी टोळी ही ग्रामीण महाराष्ट्रातील सामूहिक कामाची एक जिवंत संस्था आहे. तिच्यात जोडीचे माप ‘कोयता’ या अवजारानेच होते, आणि तिचा मुकादम हा प्रमुख असला तरी नायक नसतो. तसाच ‘फड’. तमाशाचा फड, कुस्तीचा फड, उसाचा फड. माणसांचा मेळ आणि कामाची जागा या दोहोंना एकच शब्द. संघटनेचे नाव ठेवताना मराठी कार्यकर्त्याने हे दोन्ही शब्द टाळले आणि मराठेशाही व ब्रिटिश पलटणी यांच्या कोठारातून शब्द उचलले, याचे कारण उघड आहे. सरकारशी बरोबरी सांगायची तर सरकारच्याच जातीचा शब्द हवा होता. ‘प्रतिसरकार’ या नावातला ‘प्रति’ हेच सांगतो.

आणि त्याच ‘प्रति’चे लोकांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. बोलीत ‘प्रति’ मधील रकार आपली जागा सोडून पुढच्या तकाराला जाऊन मिळाला आणि ‘प्रतिसरकार’चे ‘पत्री सरकार’ झाले. असा वर्णविपर्यय मराठी बोलींना नवा नाही. नवल पुढेच आहे. ध्वनी बदलल्यावर लोकांनी त्याला अर्थ शोधला: गुन्हेगाराच्या तळपायावर मारले जाई, जनावराच्या खुराला पत्री ठोकावी तसे, म्हणून पत्री सरकार. लोकव्युत्पत्तीचे हे नमुनेदार उदाहरण ठरावे. परंतु शब्दशास्त्रापलीकडे त्याचा एक परिणाम झाला. निवाडे करणारी, लग्ने लावणारी, गावाचा कारभार पाहणारी व्यवस्था एका शिक्षेच्या नावाने ओळखली जाऊ लागली. विरोधकांना हे सोयीचेच होते. पुढे समर्थकांनाही ते आवडू लागले, कारण त्यात दरारा होता. ‘सेना’ या शब्दाने संघटनेचे जे केले तेच ‘पत्री’ने तिच्या कामाचे केले. दोन्ही ठिकाणी एक अंग दिसले आणि बाकीचे शरीर अंधारात गेले.

लष्करी शब्द हे केवळ अलंकार होते, त्यांवर इतका भार टाकू नये, असा आक्षेप येथे संभवतो. तो अंशतः मान्य करावा लागेल. किंबहुना निःशस्त्र चळवळींत हे शब्द आतून किती बदलले हे पाहिले म्हणजे आक्षेपाला बळच मिळते. १९३० च्या मुंबईत काँग्रेसचे ‘युद्धमंडळ’ होते आणि त्यावर ‘सर्वाधिकारी’. हा सर्वाधिकारी हुकूमशहा नव्हता. त्याचे पहिले काम अटक होणे हे होते, आणि तो अटक झाला की दुसरा त्या जागी येई. पद भरण्यासाठी नव्हते, रिकामे होण्यासाठी होते. १९५५ च्या गोवा सत्याग्रहातील ‘तुकडी’चेही तसेच. तुकडी म्हणजे तुकड्याचे लघुरूप; तिच्यामागे एखादा अखंड समूह गृहीत असतो. पण १८ मे १९५५ रोजी ना. ग. गोरे आणि सेनापती बापट यांच्यासह जी पहिली तुकडी पोर्तुगीज हद्दीत शिरली, तिच्या पाठीशी सीमेवर कुमक उभी नव्हती. मार खाणे आणि पकडले जाणे एवढेच तिचे नियोजन होते. तिच्या मागून दुसरी निघणार, एवढाच तिचा पुरवठा. फौजेत नायक मागे राहून तुकडी वाचवतो. येथे नायक पुढे होऊन स्वतःला वजा करतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी हजारो सत्याग्रही हद्दीत शिरले आणि गोळीबारात वीसहून अधिक माणसे ठार झाली, तेव्हा ‘तुकडी’ हा शब्द लष्करी राहिला नव्हता. तरीही वर्णन करणाऱ्यांना दुसरा शब्द सुचला नाही.

म्हणजे नामे फसवतात. मग संघटना वाचावी कशावरून? क्रियापदांवरून, असे उत्तर येथे सुचवावयाचे आहे.

७ जून १९४३ रोजी तुफान सेनेने शेणोली येथे सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी अडविली. या घटनेचा उल्लेख ‘गाडी लुटली’ असा होतो. कॅप्टन भाऊंनी उतारवयात पी. साईनाथ यांच्याशी बोलताना या क्रियापदालाच हरकत घेतली: लोकांचा लुटलेला पैसा लोकांकडे परत आणला, त्याला लूट का म्हणावे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. हरकत राजकीय आहे हे खरेच. परंतु ती भाषिकदृष्ट्याही अचूक आहे. ‘लुटणे’ या क्रियापदाला एक कर्ता पुरतो आणि एक क्षण पुरतो. ‘परत आणणे’ या क्रियापदाला वाट लागते, वाटेवरची माणसे लागतात आणि शेवटी कोणाच्या तरी स्वाधीन करणे लागते. रुळांवर दगड रचणे, गाडी थांबताच तिला मागे सरकता येऊ नये म्हणून मागेही दगड रचणे, पहाऱ्याला धाकात ठेवणे, ओझे वाहणे, रातोरात पांगणे, पांगलेल्यांना घरात घेणे, आणि दुसऱ्या दिवशी काही न घडल्यासारखे शेतात दिसणे: या क्रियापदांची मालिका लिहिली की पथकाची खरी रचना आपोआप उलगडते. तिच्यात वर-खाली फारसे नाही, आधी-नंतर आहे. मनोऱ्याऐवजी साखळी दिसते.

मराठीच्या व्याकरणाचा एक विशेष येथे आडवा येतो, आणि या विवेचनातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा तोच आहे. भूतकाळी सकर्मक क्रियापदाबरोबर मराठीत कर्त्याला तृतीयेचा प्रत्यय लावून तो सांगावा लागतो: ‘बापूंनी तारा तोडल्या’, ‘भाऊंनी गाडी अडविली’. अकर्मक क्रियापदाला ही सक्ती नाही. ‘भाकऱ्या आल्या’, ‘निरोप गेला’, ‘झोपायची सोय झाली’, ‘बातमी लागली’. ही वाक्ये येथे नमुन्यादाखल रचली आहेत; पण भूमिगतांच्या आठवणी ज्याने चाळल्या आहेत त्याला त्यांचा घाट ओळखीचा वाटेल. तारा तोडणाऱ्याला विभक्ती मिळते, भाकरी आपोआप येते. वीस माणसांच्या भाकऱ्या मध्यरात्री आपोआप येत नाहीत. कोणी तरी दळले, कोणी तरी चूल पेटविली, आणि धूर दिसू नये याचीही काळजी घेतली. सत्ता उलथण्याच्या कामात ‘दळणे’ आणि ‘दल’ एकाच धातूचे आहेत, पण इतिहासात जागा एकालाच मिळाली.

लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे यातून सूचित करावयाचे नाही. भूमिगत काळात कर्त्याचे नाव न घेणे हा जीव वाचविण्याचा उपाय होता. ‘भाकऱ्या आल्या’ हे वाक्य १९४३ मध्ये सावधपणाचे होते. तेच वाक्य चाळीस वर्षांनी, भीती उरली नसताना, तसेच लिहिले गेले म्हणजे सावधपणाचे विस्मरण झाले. टीकेने बोट ठेवावयाचे ते या दुसऱ्या वाक्यावर.

हौसाबाई पाटील यांचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. नाना पाटलांची ही कन्या २०२१ मध्ये निवर्तली. तिच्या कामांपैकी साईनाथांनी नोंदविलेला एक प्रसंग असा की पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग आणले गेले, तिने मार खाल्ला, आकांत केला, पोलीस ते मिटवायला बाहेर आले आणि तेवढ्यात सहकाऱ्यांनी आतली शस्त्रे उचलली. सेनेच्या कोणत्या पदात हे काम बसते? नायक, शिपाई, हेर यांपैकी एकही शब्द त्याला पुरत नाही. सोंग आणणे हे क्रियापद जलशाच्या आणि तमाशाच्या परंपरेतले. ज्या सत्यशोधक वातावरणातून सातारची चळवळ वर आली (गेल ऑम्व्हेट यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात हा धागा ठळक केला आहे) त्या वातावरणात माणसे जमविण्याचे आणि समजूत पालटण्याचे मुख्य साधन जलसाच होता. म्हणजे पथकाची कार्यपद्धती फडावरून आली होती आणि नाव मात्र पलटणीवरून.

हा सारा शब्दांचा खल आहे, त्याने कोणाचे काय बिघडते, असे म्हणण्याची सोय नाही. १९७२ मध्ये केंद्र शासनाने स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेल्यांसाठी निवृत्तिवेतन योजना सुरू केली आणि १९८० मध्ये तिला ‘सन्मान’ हा शब्द जोडला. जो लाभार्थी तो ‘स्वातंत्र्यसैनिक’. पात्रतेसाठी किमान सहा महिन्यांचा कारावास हवा. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमाती यांना तीन महिने. कारावास नसेल तर सहा महिन्यांहून अधिक काळ भूमिगत असल्याचा पुरावा हवा, आणि तोही असा की शासनाने त्या व्यक्तीला फरारी घोषित केले होते, तिच्यावर बक्षीस लावले होते किंवा तिच्या स्थानबद्धतेचा हुकूम काढला होता. सैनिक कोण हे ठरविण्यासाठी शत्रूच्या दप्तराची साक्ष मागितली गेली. जी स्त्री तुरुंगात गेली तिला नियमाने सवलत दिली. जिच्यामुळे दहा जण तुरुंगाबाहेर राहिले तिला नियमात जागाच नव्हती, कारण तिचे काम यशस्वी झाले याची खूणच ही की दप्तरात तिचे नाव नाही. निरोप्या जितका चांगला, तितका त्याचा पुरावा कमी. ही विसंगती अधिकाऱ्यांच्या निष्ठुरपणातून आलेली नाही. ‘सैनिक’ या एका नामातून ती सरळ वाहत आली आहे. सैनिकाला पद असते, पलटण असते, हजेरीपट असतो. गटाला यांतले काहीच नव्हते, आणि नव्हते म्हणूनच तो टिकला.

येथवरच्या विवेचनावरून सेनेची नावे खोटी आणि भाऊबंदकीची नावे खरी, असा सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होईल. त्याला आवर घातला पाहिजे. नात्याचे शब्द निष्पाप नसतात. ‘भाऊ’ ज्या मुळापासून येतो त्याच मुळापासून ‘भावकी’ येते. कुंडलच्या प्रमुख कार्यकर्त्यांत लाड हे आडनाव पुन्हा पुन्हा भेटते, यात आश्चर्य नाही. गावची वस्तीच तशी असते, आणि विश्वास जेथे आधीच आहे तेथेच गुप्त काम सुरू होते. पण जो भावकीत नाही त्याला भाऊ म्हणवून घेण्यास किती पावसाळे लागतात, गावकुसाबाहेरच्या माणसाला हा शब्द कोणत्या सुरात लावला जातो, हे प्रश्न नात्याच्या परिभाषेला विचारावेच लागतात. या ठिकाणी लष्करी पदाची एक बाजू मान्य करणे न्यायाचे होईल. ‘कॅप्टन’ हा शब्द परका आहे, आणि परका असल्यामुळेच तो कोणाच्याही घरातला नाही. ‘देशसेविका’ या संज्ञेने १९३० च्या मुंबईत विदेशी कापडाच्या दुकानांसमोर निदर्शने करणाऱ्या स्त्रियांना कोणाची पत्नी वा कोणाची बहीण यापलीकडचे नाव दिले, ही गोष्ट लहान नव्हे. नाते माणसाला आत घेते. पद त्याला नात्यावाचून उभे राहू देते. औंधाच्या पंचायतींत वावरलेल्या माणसांना ‘पंच’ हे तिसऱ्या प्रकारचे पद ठाऊक होते, नात्याचेही नव्हे आणि फौजेचेही नव्हे. प्रतिसरकारचे निवाडे त्या परिसरात रुजले याचा या सवयीशी संबंध जोडून पाहण्यास वाव आहे.

शिवाय गाव आणि फौज ही दोन टोके तरी कितपत वेगळी होती? ग्रामीण शिस्तीचा सर्वोत्तम नमुना म्हणून दिंडीकडे बोट दाखविले जाते. विणेकरी, टाळकरी, मृदंगी, पताका घेतलेले. रथापुढची आणि रथामागची दिंडी, प्रत्येकीचा ठरलेला क्रमांक. आणि चोपदाराने चोप उंचावला की शांत होणारा हजारोंचा समाज. परंतु आळंदीच्या पालखीला ही घडी एकोणिसाव्या शतकात ज्यांनी घालून दिली ते हैबतबाबा आरफळकर सातारा भागातलेच, आणि आधी शिंद्यांच्या पदरी राहिलेले. पालखीसोबतचे घोडे अजूनही त्याची आठवण देतात. ज्याला आज निखळ वारकरी शिस्त म्हणतात तिच्यातही दरबारी रिवाज मुरलेला आहे. त्यामुळे शुद्ध देशी संघटनेचा शोध घेणाऱ्या टीकेला येथे फार काही हाती लागणार नाही. पाहण्याजोगे आहे ते असे की पलटणीतून घेतलेला रिवाज दिंडीत इतका मुरला की त्याचे नावही उरले नाही. तुफान सेनेत नाव उरले आणि रिवाज गटाच्या चालीने चालला.

अलीकडच्या काळात ही परिभाषा पुन्हा पालटली आहे. २०१६ मध्ये ज्या तीन तालुक्यांत पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा सुरू झाली त्यांत साताऱ्यातील कोरेगाव होता. तेथे चर खणण्यासाठी जमलेल्यांच्या कामाला ‘श्रमदान’ हा जुना शब्द मिळाला आणि शहरांतून जाणाऱ्या स्वयंसेवकांना ‘जलमित्र’ हा नवा. सैनिकाच्या जागी मित्र आला आणि युद्धाच्या जागी स्पर्धा. गावातले तरुण स्वतःच्या गटाला आता सर्रास ‘टीम’ म्हणतात. हा शब्द परका म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ जुंपलेल्या जनावरांची जोडी असा होता. ज्या शेतकऱ्याने शेजाऱ्यांची औते एकत्र आणून इर्जिकेत नांगरट केली आहे, त्याला तो आपलाच वाटावा.

या विषयावर काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक व्यावहारिक सूचना करणे उचित होईल. प्रतिसरकारच्या पिढीतील माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत; उरल्या आहेत त्यांच्या ध्वनिफिती, मुलाखती आणि अर्जांच्या नकला. हे साहित्य वाचताना उत्तराआधी प्रश्न तपासावा. ‘तुम्ही चळवळीत कोण होता?’ असा प्रश्न विचारलेला असेल तर उत्तरात नाम येते, आणि ज्याला नाम मिळाले नव्हते तो ‘मी कोणी नव्हतो’ असे म्हणून मोकळा होतो. ‘त्या रात्री तुम्ही काय करीत होता?’ असे विचारले असेल तर उत्तरात क्रियापदे येतात, एकामागून एक, आणि बोलता बोलता आणखी चार-पाच घरांची नावे निघतात. अर्जाच्या नमुन्यात ‘पद’ असा रकाना असेल, तर तो कोरा सोडलेले अर्ज आधी काढून वाचावेत.